थेरपिस्टचा वंश वेगळा असेल तर

वाचकांचे प्रश्न, मानसशास्त्रज्ञाची उत्तरे

थेरपिस्टची निवड कशी करावी, याविषयी या सदरात मागे लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरत होती. उपचार करणारा आणि उपचार घेणारा हे वेगवेगळ्या वंशांचे असतील तर उपचारात फरक पडतो का, आणि पडत असेल तर त्याचे करायचे काय, असा तो मुद्दा आहे. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

एक खुलासा आधीच करून ठेवते. माणसांची जीवशास्त्रीय वर्गवारी म्हणून 'वंश' ही कल्पना टिकत नाही. परंतु ज्या समाजात त्वचेच्या रंगावरून आणि चेहरेपट्टीवरून भाड्याचे घर मिळणे, नोकरी मिळणे आणि पोलिसांनी अडवणे ठरते, त्या समाजात राहणाऱ्याच्या मनावर होणारा वंशाचा परिणाम अगदी खरा असतो. खाली 'वंश' हा शब्द याच अर्थाने आला आहे.

प्रश्न : मी परदेशात संशोधन करते. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात एका गोऱ्या थेरपिस्टकडे माझी सहा सेशन झाली. बाई प्रेमळ आहेत आणि झोपेसाठी त्यांनी सुचवलेल्या उपायांचा मला उपयोगही झाला. पाचव्या सेशनला मी सांगितले की, आमचे मार्गदर्शक वर्षभर मला प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या एका आशियाई मुलीच्या नावाने हाक मारत आहेत. त्यावर त्या म्हणाल्या, "ते कामाच्या गडबडीत असतील, नावे लक्षात न राहणारे बरेच लोक असतात." मी हसून विषय बदलला. तेव्हापासून तिथे काहीही सांगण्यापूर्वी मी ते मनातल्या मनात गाळून घेते. थेरपिस्ट बदलावा का? की मीच जास्त हळवी झाले आहे?

उत्तर : हळवेपणाचा प्रश्न प्रथम बाजूला ठेवू. 'मनातल्या मनात गाळून घेते' हे तुमचे शब्द मला तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे शब्द वाटतात. जिथे गाळून न घेता बोलता यावे म्हणून माणूस जातो, तिथेच तो गाळू लागला तर उपचार वरवर सुरू राहतात आणि आतून थांबतात.

तुमच्या थेरपिस्टने जे केले, ते तंत्र म्हणून परके नाही. एखाद्या घटनेचे आपण लावलेले स्पष्टीकरण एकमेव आहे का, दुसरे काही संभवते का, हे रुग्णाला तपासायला लावणे, हा आकलनात्मक वर्तन थेरपीतला रोजचा प्रकार आहे. मित्राने फोन उचलला नाही म्हणजे तो रागावला आहे असे समजणाऱ्या चिंताग्रस्त माणसाला त्याचा फायदाही होतो. मात्र या तंत्राच्या मुळाशी एक गृहीतक आहे, आणि ते म्हणजे रुग्णाचे पहिले स्पष्टीकरण बहुधा अतिशयोक्त असणार. वंशभेदाच्या अनुभवात हे गृहीतक अनेकदा उलटे पडते. 'ते गडबडीत असतील' हे स्पष्टीकरण तुम्ही स्वतःला वर्षभर देत आलात, ते पुरेनासे झाले तेव्हा ती गोष्ट थेरपिस्टपुढे ठेवलीत, आणि तिथेही तेच स्पष्टीकरण परत हाती आले. तुमचा अनुभव विचारण्याआधी मार्गदर्शकांची बाजू मांडली गेली. त्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. इजा मात्र हेतू पाहून होत नसते.

अशा छोट्या, बहुधा नकळत होणाऱ्या आणि म्हणूनच सिद्ध करायला अवघड असणाऱ्या अवमानांसाठी चेस्टर पिअर्स या कृष्णवर्णीय अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० मध्ये 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हा शब्द वापरला. पुढे २००७ मध्ये डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे प्रकार मांडले आणि थेरपीच्या खोलीतही ते घडतात हे उदाहरणांसह दाखवले. जेसी ओवेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तुमच्या परिस्थितीला अगदी जवळचा आहे. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात उपचार घेणाऱ्या १२० वांशिक अल्पसंख्य रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांनी, म्हणजे सुमारे ५३ टक्क्यांनी, थेरपिस्टकडून असा किमान एक अनुभव आल्याचे सांगितले. त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या बाबतीत त्यावर थेरपीत कधी चर्चाच झाली नाही. ज्यांच्या बाबतीत ती यशस्वीपणे झाली, त्यांचे थेरपिस्टशी असलेले नाते असा अनुभव न आलेल्या रुग्णांइतकेच भक्कम आढळले. या अभ्यासाचा अर्थ 'बोलले की सगळे ठीक होते' असा लावणे चुकीचे ठरेल, कारण ज्यांचे नाते मुळातच बरे होते तेच बोलू शकले असतील. पण न बोलण्याने काय होते, ते तुम्ही अनुभवतच आहात.

म्हणून माझा सल्ला असा की, बदलण्यापूर्वी एक सत्र यासाठी खर्च करून पाहा. वाक्य फार सजवण्याची गरज नाही. "मागे मी नावाची गोष्ट सांगितली, तेव्हा तुम्ही सरांची बाजू सांगितलीत. त्यानंतर मी इथे अशा गोष्टी सांगायचे टाळते आहे," एवढे पुरे. ते बोलता येत नसेल तर लिहून न्या आणि वाचून दाखवा, पुष्कळ जण तसे करतात. त्यानंतरच्या दहा मिनिटांत काय घडते, त्याकडे मात्र नीट लक्ष द्या. थेरपिस्ट जर थांबल्या, "माझ्याकडून ते निसटले, तेव्हा तुम्हाला काय वाटले ते मला ऐकायचे आहे," अशा अर्थाचे काही म्हणाल्या आणि मग खरोखर गप्प बसून ऐकू लागल्या, तर त्यांच्याबरोबर पुढे काम करता येईल. त्या स्वतःचा बचाव करू लागल्या, आपल्या वेगवेगळ्या वंशांच्या मित्रमैत्रिणींचा दाखला देऊ लागल्या, किंवा इतक्या खंतावल्या की शेवटी तुम्हालाच त्यांची समजूत घालावी लागली, तर तुम्ही खुशाल दुसरा थेरपिस्ट शोधा. या तिसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष होते, कारण तो वरून संवेदनशील दिसतो.

आणि हेही स्पष्ट म्हणते की, हा विषय काढण्याची जबाबदारी तुमची नव्हती. ती तुमच्यावर येऊन पडली आहे. ती पेलण्याइतके बळ सध्या नसेल आणि तुम्ही काही न सांगता थेरपिस्ट बदललात, तर त्यात पळपुटेपणा काहीच नाही.

प्रश्न : आपल्याच वंशाचा थेरपिस्ट असेल तर रुग्ण लवकर बरा होतो, असे अनेक ठिकाणी ठामपणे लिहिलेले दिसते. याला संशोधनाचा आधार आहे का?

उत्तर : अर्धा आहे, आणि तो कोणता अर्धा हे समजून घेण्यासारखे आहे.

या विषयाची सुरुवात बरे होण्याच्या प्रश्नाने झाली नव्हती, ती झाली रुग्ण टिकण्याच्या प्रश्नाने. स्टॅन्ली सू यांनी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल परिसरातील १७ सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या नोंदी तपासल्या. पहिल्या भेटीनंतर परत न आलेल्या गोऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, तर अल्पसंख्य वंशांच्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे परतले नव्हते. लॉस एंजेलिस काउंटीतल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला त्यांचा आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा अभ्यास आणखी पुढे गेला. थेरपिस्ट आणि रुग्ण एकाच वांशिक गटाचे असले तर सर्वच गटांतले रुग्ण उपचारात अधिक काळ टिकत होते. परिणामांतला फरक मात्र सगळीकडे दिसला नाही. तो दिसला मेक्सिकन अमेरिकी रुग्णांमध्ये, तसेच ज्यांची मूळ भाषा इंग्रजी नव्हती अशांमध्ये.

यानंतर बरेच अभ्यास झाले आणि राकेल कॅब्राल व टिमथी स्मिथ यांनी २०११ मध्ये ते एकत्र करून तीन वेगळे प्रश्न विचारले. रुग्णाला आपल्या वंशाचा थेरपिस्ट हवासा वाटतो का? तसा मिळाल्यास तो त्याला अधिक चांगला वाटतो का? आणि त्याची प्रकृती अधिक सुधारते का? परिणामाचे माप म्हणून संख्याशास्त्रात जो आकडा वापरतात, त्यात ०.२ म्हणजे लहान, ०.५ म्हणजे मध्यम आणि ०.८ म्हणजे मोठा परिणाम असे ढोबळमानाने धरतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ०.६३ आले, दुसऱ्याचे ०.३२ आणि तिसऱ्याचे ०.०९. थोडक्यात, ओढ बरीच आहे, पसंती थोडी आहे, आणि सुधारणेतला सरासरी फरक जवळजवळ नाही. आफ्रिकन अमेरिकी रुग्णांमध्ये तिसरा आकडाही ०.१९ पर्यंत जातो, म्हणजे लहान असला तरी तिथे फरक आहे.

हे तीन आकडे वाचून 'म्हणजे वंशाला काही महत्त्व नाही' असा निष्कर्ष काढणारे माझ्याच व्यवसायात भेटतात, आणि तो मला घाईचा वाटतो. तिसरा आकडा सरासरी आहे आणि सरासरीत थेरपिस्टाथेरपिस्टांमधला फरक बुडून जातो. गांजाचे सेवन करणाऱ्या किशोरवयीनांच्या उपचारांवर झाक इमेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्येच केलेल्या अभ्यासात दिसले की, काही थेरपिस्टांचे गोरे रुग्ण अधिक सुधारत होते, काहींचे अल्पसंख्य रुग्ण अधिक सुधारत होते आणि काहींच्या बाबतीत फरक पडत नव्हता. तेव्हा 'वंश जुळतो का' या प्रश्नाइतकाच 'हा विशिष्ट थेरपिस्ट आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाबरोबर कसे काम करतो' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शिवाय दुसऱ्याच भेटीला जो आला नाही त्याच्या सुधारणेची मोजदाद होणार कुठून? टिकणे ही सुधारणेची पहिली अट आहे, आणि टिकण्यावर वंशाचा परिणाम होतो हे नोंदी सांगतात.

भाषेविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण ओघात सांगते. डेरेक ग्रायनर आणि टिमथी स्मिथ यांनी २००६ मध्ये केलेल्या अशाच एका एकत्रित विश्लेषणात, मूळ भाषा इंग्रजी नसलेल्या रुग्णांवर त्यांच्या भाषेत केलेले उपचार इंग्रजीत केलेल्या उपचारांच्या दुप्पट परिणामकारक आढळले. वंश जुळवावा की भाषा जुळवावी, अशी निवड करण्याची वेळ आलीच तर बहुतेक वेळा मी भाषा निवडीन.

प्रश्न : मी लंडनमध्ये थेरपिस्ट म्हणून प्रशिक्षण घेतो आहे. माझे बहुतेक रुग्ण गोरे आहेत. एक वयस्क गृहस्थ दर वेळी काही ना काही निमित्ताने माझे शिक्षण कुठे झाले, ते विचारतात. एक तरुणी उलट इतकी सांभाळून बोलते की, "हे म्हटले तर तुम्हाला लागणार नाही ना?" असे प्रत्येक सत्रात दोनदा तरी विचारते आणि तिच्या देशाच्या इतिहासाबद्दल माफी मागते. मी या दोघांशी वंशाचा विषय काढावा का? माझे पर्यवेक्षक म्हणतात, रुग्णाने काढेपर्यंत थांबावे.

उत्तर : तुमच्या पत्राने मला माझी सुरुवातीची वर्षे आठवली. लिलियन कोमास-डियाझ आणि फ्रेडरिक जेकबसन यांनी १९९१ मध्ये एका लेखात, थेरपिस्ट आणि रुग्ण भिन्न वांशिक गटांचे असतात तेव्हा दोघांच्या मनात काय काय उमटते, याचे तपशीलवार वर्णन केले आहे. रुग्णाकडून अविश्वास आणि वैर येते, तसाच अतिनम्रपणा आणि गरजेपेक्षा जास्त स्नेहही येतो. काही जण फरक आहेच असे मानत नाहीत. थेरपिस्टकडूनही असेच होते. तो फरक नाकारतो, अपराधी होतो, कीव करतो, किंवा रुग्णाच्या संस्कृतीविषयी इतका कुतूहलाने प्रश्न विचारू लागतो की, रुग्ण दुःख घेऊन आला होता हे मागेच पडते. या शेवटच्या प्रकाराला त्यांनी 'क्लिनिकल मानववंशशास्त्रज्ञाचा' विकार म्हटले आहे, आणि तो आम्हां सर्वांना केव्हा ना केव्हा झालेला असतो.

तुमचे दोन्ही रुग्ण या वर्णनात सहज बसतात, पण त्यांना चौकटीत बसवून काम संपत नाही. वयस्क गृहस्थांच्या प्रश्नात पूर्वग्रह असेलही. त्याखाली एक साधी भीतीही असू शकते, की ज्याच्यापुढे मी माझे दुबळेपण उघडे करतो आहे, तो माझे आयुष्य ओळखू शकेल का, आणि मनातून मला हसणार तर नाही? प्रश्नाला सरळ उत्तर द्या. शिक्षण कुठे झाले ते एका वाक्यात सांगा, सावरासावर करू नका आणि पदव्यांची यादीही देऊ नका. मग विचारा, "हे तुम्ही काही वेळा विचारले आहे. माझ्याबरोबर काम करताना कशाची शंका वाटते?" उत्तर अपमानकारक आले तर ते ऐकून घेण्याची मर्यादा असते, आणि ती कुठे ओढायची हे तुमच्या केंद्राने तुमच्या पाठीशी राहून ठरवायचे असते. थेरपिस्टने सगळे गिळावे असे मी मुळीच सुचवत नाही.

तरुणीची अवस्था मला अधिक अवघड वाटते. ती तुमचे रक्षण करते आहे. ज्या माणसाला आपण जपतो त्याच्यावर आपल्याला रागावता येत नाही, आणि ज्या थेरपिस्टवर रुग्णाला रागावता येत नाही त्याच्याबरोबर आई, बाप, जोडीदार यांच्यावरचा राग उलगडणेही कठीण जाते. तिला माफी देऊ नका आणि 'त्याची काही गरज नाही' असे म्हणून ती परतही करू नका. "इथे मला सांभाळण्यात तुमचा बराच वेळ जातो असे मला दिसते. बाहेरही असेच कोणाला तरी सांभाळावे लागते का?" इथून सुरुवात केली, तर वंशाच्या विषयातून तुम्ही तिच्या स्वतःच्या गोष्टीत शिराल.

आता तुमच्या पर्यवेक्षकांच्या सल्ल्याविषयी. त्यांच्याशी मी सहमत नाही. खोलीतल्या दोन माणसांत रुग्णाचे बळ कमी असते. थेरपिस्ट बोलत नाही याचा अर्थ हा विषय इथे चालत नाही, असाच तो लावतो. नॉर्मा डे-व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या कामाला 'ब्रोचिंग' हा जो इंग्रजी शब्द रूढ केला, त्याला मराठीत आपल्याकडे आयता वाक्प्रचार आहे : विषयाला तोंड फोडणे. ते थेरपिस्टनेच करायचे असते. पर्यवेक्षकांच्या सल्ल्यात तथ्य आहे ते एवढेच, की ते कसेही करून चालत नाही.

हे मी स्वतः चूक करून शिकले. पुढील प्रसंगातले तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. वडिलांच्या मृत्यूनंतर झोप उडालेला एक कृष्णवर्णीय अभियंता माझ्याकडे येत असे. पहिल्या सत्रात मी फॉर्म भरून घ्यावा तसे विचारले, "आपण वेगवेगळ्या वंशांचे आहोत, याविषयी तुम्हाला काही बोलायचे आहे का?" तो म्हणाला, "नाही, मला काही अडचण नाही." मी मनातल्या मनात त्या रकान्यात खूण केली आणि पुढे गेले. तो नेहमी कंपनीचे ओळखपत्र गळ्यात घालून येई आणि तासभर ते तसेच ठेवी. संध्याकाळी सातची वेळ असे, कामावरून सुटून त्याला दोन तास झालेले असत. आठव्या सत्रात मी सहज विचारले की, हे कार्ड काढायचे राहून जाते का? तो बराच वेळ त्या पट्टीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "पहिल्या दोन वेळा कार्ड नव्हते. तुमच्या इमारतीच्या खालच्या टेबलावर मला विचारले की, कोणाचे पार्सल आहे?" मी त्या टेबलावरून रोज जात होते. त्याचे वडील इस्त्रीच्या शर्टाशिवाय दवाखान्यात कधी का जात नसत, हे त्याने त्याच दिवशी सांगितले, आणि वडिलांविषयीचे खरे बोलणे तिथून सुरू झाले. माझा पहिल्या दिवसाचा प्रश्न शब्दशः बरोबर होता. तो मी माझ्या सोयीसाठी विचारला होता, इतकेच.

तेव्हा एकदा विचारून मोकळे होऊ नका. सुरुवातीला एका वाक्यात दार किलकिले ठेवा आणि नंतर रुग्णाच्या बोलण्यात काम, घर, शाळा, पोलीस, दवाखाना असे काही आले की तिथे थांबा. ओळीने विचारायला मदत हवी असेल तर अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ मधल्या पाचव्या आवृत्तीत संस्कृतीविषयक मुलाखतीचे १६ प्रश्न दिलेले आहेत. ते पाठ करू नका, वाचून विसरा. तुम्ही लंडनमध्येच आहात, तर जाफर करीम यांनी १९८३ मध्ये तिथे स्थापन केलेल्या 'नफसियात' या आंतरसांस्कृतिक थेरपी केंद्राच्या कामाचीही ओळख करून घ्या.

आणखी एक सांगावेसे वाटते. आपण स्वतः गोरे नाही, म्हणजे आपल्याला हे सगळे उपजत कळते, असा समज होऊ देऊ नका. मार्टिनिक बेटावर जन्मलेले कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन १९५३ मध्ये, तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियातल्या ब्लिदा-जॉइनव्हिल रुग्णालयात रुजू झाले. वसाहतवादाचा त्यांच्याइतका जाणता टीकाकार शोधून सापडणार नाही. तरीही रुग्णालयात त्यांनी सुरू केलेले सामूहिक उपचार, म्हणजे सण, वृत्तपत्र, संगीत, एकत्र बैठका, युरोपीय स्त्रियांच्या विभागात यशस्वी झाले आणि मुस्लिम पुरुषांच्या विभागात साफ फसले. त्यांना रुग्णांची भाषा येत नव्हती, दुभाष्यामार्फत बोलावे लागे, आणि दुभाषी म्हटले की त्या रुग्णांना आठवत सरकारी कचेरी आणि न्यायालय. १९५४ मध्ये त्यांनी सहकारी जाक आझुले यांच्याबरोबर लेख लिहून हे अपयश जाहीरपणे मांडले : आम्ही युरोपीय चौकट जशीच्या तशी आणून बसवली होती. पुढे तिथे रुग्णांसाठी त्यांच्या पद्धतीचे कॉफीगृह झाले, त्यांचे सण होऊ लागले, कथेकरी येऊ लागला.

प्रश्न : कृष्णवर्णीय रुग्णाने 'मला कृष्णवर्णीयच थेरपिस्ट हवा' म्हणणे हा उलटा वंशवाद नव्हे का? गोऱ्या रुग्णाने असेच म्हटले तर आपण त्याला काय म्हणू?

उत्तर : दोन वाक्ये सारखी दिसतात म्हणून त्यांमागचा अनुभव सारखा ठरत नाही. गुलामगिरीतून पळून जाण्याची इच्छा हा मानसिक आजार आहे, असे अमेरिकेत १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने लिहिले आणि त्या आजाराला नावही दिले. अमेरिकेतल्याच टस्कीगी या गावी १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे, सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता सरकारी आरोग्य खाते नुसते निरीक्षण करत राहिले, आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही त्यात बदल झाला नाही. मानसशास्त्रज्ञांच्या आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या दोन्ही प्रमुख संघटनांनी वंशवादातल्या आपल्या सहभागाबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये. अशा इतिहासानंतर गोऱ्या डॉक्टरविषयी सावध असणे हे आजाराचे लक्षण मानता येत नाही. फ्रान्सिस आणि सँड्रा टेरेल यांनी १९८४ मध्येच दाखवले होते की, ज्या कृष्णवर्णीय रुग्णांच्या मनात हा अविश्वास खोल असतो आणि ज्यांना गोरा समुपदेशक मिळतो, ते उपचार अर्ध्यावर सोडण्याची शक्यता अधिक असते. त्यांनी आपल्या वंशाचा थेरपिस्ट मागणे ही उपचार घेण्याची तयारी आहे.

मागून तो मिळतोच असेही नाही. गेल्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या कार्यरत मानसशास्त्रज्ञांपैकी सुमारे ८६ टक्के गोरे होते आणि कृष्णवर्णीय अवघे ४ टक्के. हेदर कुगलमास यांनी न्यूयॉर्कमधल्या ३२० थेरपिस्टांना अभिनेत्यांच्या आवाजातले, वेळ मागणारे निरोप फोनवर ठेवून पाहिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, बोलण्यावरून मध्यमवर्गीय गोरे वाटणाऱ्यांपैकी २८ टक्के जणांना वेळ देऊ केली गेली, मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय वाटणाऱ्यांपैकी १७ टक्के जणांना, आणि कामगार वर्गातले वाटणाऱ्यांना, मग ते कोणत्याही वंशाचे असोत, ८ टक्के. म्हणजे निवड दोन्ही बाजूंनी चालते, फक्त थेरपिस्टने केलेली निवड कोणाला दिसत नाही.

गोऱ्या रुग्णाने कृष्णवर्णीय थेरपिस्ट नाकारला, तर त्या दोन मागण्या मी नैतिकदृष्ट्या एका पारड्यात तोलणार नाही. पण नकार कशातून आला हे विचारल्याशिवाय निवाडाही देणार नाही. एकदा विचारावे, सांगितले तर ऐकावे, आणि सक्तीने कोणाला कोणासमोर बसवू नये, विशेषतः त्या थेरपिस्टच्या हितासाठी.

प्रश्न : मोठ्या प्रयत्नाने मी माझ्याच वंशाची, माझीच भाषा बोलणारी थेरपिस्ट शोधली. पण मी अर्धे वाक्य बोलले की त्या म्हणतात, "कळले, आपल्याकडे असेच असते." गोऱ्या थेरपिस्टने निदान मला पूर्ण बोलू दिले असते, असे वाटते. असे वाटणे चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. वर उल्लेख केलेल्या कोमास-डियाझ आणि जेकबसन यांच्या १९९१ च्या लेखातच दोघांचा गट एकच असतानाच्या अडचणीही सांगितल्या आहेत. रुग्णात स्वतःला पाहणे, 'आपण आणि ते' अशी फळी धरणे, आणि आपलेच असल्यामुळे तपासून न पाहणे, या त्यांतल्या काही. 'आपल्याकडे असेच असते' या वाक्यात तुमची आई, तुमचे घर आणि तुमचा राग एका समूहात विरघळून जातो. वेगळ्या वंशाच्या थेरपिस्टला निदान आपल्याला माहीत नाही हे माहीत असते, आणि काही रुग्णांना, विशेषतः ज्यांना आपल्या समाजात गोष्ट पसरण्याची भीती असते त्यांना, असा परका कान अधिक सुरक्षित वाटतो.

लगेच बदलू नका. पुढच्या वेळी त्यांनी "कळले" म्हटले की, "तुम्हाला काय कळले, ते सांगाल का?" असे विचारा. त्या जे सांगतील ते तुमच्या घराचे असेल, की कोणत्याही घराचे असेल, ते ऐकताक्षणी तुमच्या लक्षात येईल.